परवलीचा शब्द आणि त्याची तिजोरी : ऑनलाइन पासवर्ड व्यवस्थापकाचा महाविद्यालयीन संदर्भात विचार

प्रस्तावना

हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात एका अध्यापकाला आज किती परवलीचे शब्द सांभाळावे लागतात, याची यादी करू लागल्यास ती लवकर संपत नाही. बँकेचे खाते, आयकर विवरण, ई-मेल ही झाली व्यक्तिगत बाजू. त्यापुढे विद्यापीठाच्या परीक्षा प्रणालीत अंतर्गत गुण भरण्याचे लॉगिन, इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवरील नियतकालिके वाचण्याचे लॉगिन आणि ‘विद्वान’वरील व्यक्तिचित्र येते. ज्याच्याकडे समितीचे काम असेल त्याच्या यादीत अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणि शिष्यवृत्तीचे महाडीबीटी यांची भर पडते. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. कोठे मोठे अक्षर व चिन्ह सक्तीचे, तर कोठे ठरावीक दिवसांनी शब्द बदलण्याची सक्ती. परिणामी बहुतेक जण एकच शब्द सर्वत्र वापरतात, किंवा डायरीच्या शेवटच्या पानावर सारे लिहून ठेवतात, किंवा ‘पासवर्ड विसरलात काय?’ या दुव्यावर दर वेळी विसंबतात.

या अडचणीवर उपाय म्हणून ‘पासवर्ड व्यवस्थापक’ या प्रकारची संगणक प्रणाली सुचविली जाते. ती कशी चालते, तिच्यावर कितपत विश्वास ठेवता येतो आणि महाविद्यालयाच्या कामकाजात तिचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. महाविद्यालयात परवलीचा शब्द ही केवळ व्यक्तिगत सोय नसते. तो सही-शिक्क्याच्या जागी आलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न स्मरणशक्तीचा आहे तितकाच जबाबदारीचाही आहे.

परवल : एका शब्दाचा उलटा प्रवास

‘परवल’ म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाने येणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी विचारावयाचा गुप्त शब्द. तो ठरलेल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक असावा, ही त्याची मूळ अट. मराठीत मात्र या शब्दाचा प्रवास मोठा गमतीदार झाला. आज ‘परवलीचा शब्द’ असे म्हटले की सर्वांच्या तोंडी असलेला, जो तो उच्चारतो असा शब्द, हा अर्थही तितकाच रूढ आहे. गुप्त असावयाचे तेच सर्वतोमुखी झाले. आपल्या कार्यालयांतील पासवर्डांचा प्रवासही याच वाटेने झाला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

संगणकाच्या क्षेत्रात या शब्दाचा वापर १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची संगणक प्रणाली उभारण्यात आली. तेथे प्रत्येकाचे काम व प्रत्येकाचा वेळ वेगळा ठेवण्यासाठी परवलीचे शब्द देण्यात आले. हा बंदोबस्त फार काळ टिकला नाही. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने, आपल्या वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नाही म्हणून, सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. पहिल्या काही चोऱ्यांपैकी ही एक विद्यापीठातच आणि संशोधनाच्या निकडीपोटी घडली, ही बाब अध्यापकवर्गाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुण्यातील २००५ चे प्रकरण

परवलीचा शब्द चोरण्यासाठी संगणक फोडावाच लागतो असे नाही, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण एप्रिल २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आले. एम्फसिस या कंपनीच्या पुण्यातील सेवा केंद्रात सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांचे दूरध्वनी घेतले जात असत. तेथील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि खोट्या नावाने उघडलेल्या खात्यांत रक्कम वळती केली, असा आरोप होता. ही रक्कम सुमारे साडेतीन लाख डॉलर सांगितली गेली. ग्राहकांच्या तक्रारीवरून बँकेला संशय आला आणि पुणे पोलिसांनी अटक केली. केंद्रात येता-जाता कर्मचाऱ्यांची तपासणी होत असल्याने क्रमांक कागदावर उतरविणे शक्य नव्हते. ते लक्षात ठेवून बाहेर नेले गेले असावेत, असे या प्रकरणाच्या वर्णनांत नमूद आहे.

येथे कूटलेखन मोडले नाही, यंत्रणा फोडली नाही. अडचणीत असलेल्या माणसाने मदत करणाऱ्यास आपला शब्द सांगितला, इतकेच घडले. तालुक्याच्या गावी हीच गोष्ट निराळ्या, बहुधा निरुपद्रवी रूपात रोज घडत असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी खेड्यातून आलेला विद्यार्थी सेवा केंद्रात बसतो. खाते केंद्रचालक उघडून देतो, शब्दही तोच ठरवितो आणि तो त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती वही सापडली नाही, किंवा केंद्रच बंद झाले, तर विद्यार्थ्याला स्वतःच्याच खात्यात शिरणे अवघड होते. अर्जाची मुदत मात्र थांबत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ साली झालेल्या आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘६६ क’ हे कलम जोडले. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायदा अप्रामाणिक वापरास शिक्षा करतो. विश्वासाने सांगून टाकलेल्या शब्दाची काळजी घेण्याचे काम मात्र ज्याच्या त्याच्याकडेच उरते.

एकच शब्द सर्वत्र वापरण्यातील धोका

व्यवस्थित बांधलेले संकेतस्थळ आपला शब्द जसाच्या तसा साठवीत नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून मिळालेला अर्कवजा ठसा साठविला जातो. ठशावरून मूळ शब्द उलट दिशेने काढता येत नाही. तथापि, चोराच्या हाती ठशांची फाइल पडली तर तो संभाव्य शब्दांचे ठसे स्वतः तयार करून जुळवून पाहू शकतो. यंत्र एका सेकंदात १०० कोटी शब्द तपासते असे धरल्यास, केवळ लहान इंग्रजी अक्षरांच्या आठ अक्षरी शब्दाच्या साऱ्या शक्यता (सुमारे २०,८८३ कोटी) साडेतीन मिनिटांत संपतात. हाच शब्द सोळा अक्षरी आणि खरोखर यादृच्छिक असेल, तर त्याच वेगाने सुमारे १३ लाख ८० हजार वर्षे लागतील. लांबी दुप्पट झाल्याने बळ दुप्पट होत नाही, ते अनेक पटींनी वाढते.

काही ठिकाणी तर ठसाही घेतलेला नसतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक परवलीचे शब्द उघड स्वरूपात चोरीस गेले. २०१२ मध्ये लिंक्डइनची चोरी झाली. तेव्हा सुमारे ६५ लाख ठसे बाहेर आल्याचे कळले. २०१६ मध्ये ही संख्या ११ कोटींच्या पुढे असल्याचे दिसून आले. अशा याद्या पुढे इतर संकेतस्थळांवर आपोआप चालवून पाहिल्या जातात. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या संकेतस्थळावर दिलेला शब्द आणि विद्यापीठाच्या परीक्षा प्रणालीवरील शब्द एकच असेल, तर चोराला विद्यापीठाची यंत्रणा फोडण्याची गरजच उरत नाही.

ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती हा यावरचा उपाय नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या (निस्ट) २००३ मधील मार्गदर्शनामुळे चिन्हे, अंक व नियमित बदल यांची प्रथा जगभर पसरली. त्याच संस्थेने २०१७ च्या सुधारित मार्गदर्शनात ही सक्ती मागे घेतली आणि लांबीवर भर दिला. मूळ दस्तऐवज लिहिणारे बिल बर यांनी त्या वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेदही व्यक्त केला. सक्तीने बदलावयास लावल्यास माणूस शेवटचे वर्ष तेवढे बदलतो, हे कोणत्याही कार्यालयात पाहावयास मिळते. आपल्याकडील अनेक प्रणालींवर ही सक्ती अद्याप कायम आहे.

तिजोरीची रचना

पासवर्ड व्यवस्थापक म्हणजे एक कूटबद्ध तिजोरी. तिच्यात प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा, लांब आणि यंत्राने यादृच्छिक रीतीने तयार केलेला शब्द ठेवला जातो. वापरणाऱ्याने स्मरणात ठेवावयाचा तो तिजोरी उघडणारा एकच मुख्य शब्द. ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये ‘पासवर्ड सेफ’ ही अशा प्रकारची प्रणाली तयार केली. २००३ पासून ‘कीपास’ उपलब्ध आहे. ती मुक्त स्रोत असून तिची तिजोरी एका फाइलच्या रूपाने आपल्याच संगणकावर राहते. ‘लास्टपास’ (२००८) आणि ‘बिटवॉर्डन’ (२०१६) यांसारख्या सेवांनी तिजोरी महाजालावर नेली. घरचा संगणक, विभागातील संगणक आणि भ्रमणध्वनी या तिन्ही ठिकाणी ती एकसारखी उपलब्ध राहते, हा ऑनलाइन प्रकाराचा मुख्य लाभ होय.

साऱ्या किल्ल्या परक्या कंपनीच्या हाती देणे कितपत शहाणपणाचे, अशी शंका येथे साहजिकच घेतली जाते. बँकेतील लॉकरशी तुलना केल्यास उत्तर स्पष्ट होते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची व एक ग्राहकाची. ग्राहकाची किल्ली हरवली तर रीतसर अर्ज करून, शुल्क भरून लॉकर फोडून घेता येतो. चांगल्या ऑनलाइन व्यवस्थापकात कंपनीकडे किल्लीच नसते. मुख्य शब्दापासून किल्ली तयार होते ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर; तिजोरी तेथेच कुलूपबंद होते आणि कंपनीच्या संगणकाकडे जाते ती बंद अवस्थेत. यास ‘शून्य-ज्ञान’ रचना असे म्हणतात. याचा एक परिणाम मात्र कठोर आहे. मुख्य शब्द विसरल्यास, आधी काही तजवीज केलेली नसेल तर, कंपनीदेखील तिजोरी उघडून देऊ शकत नाही.

मुख्य शब्दापासून किल्ली तयार करताना गणिती प्रक्रिया मुद्दाम लाखो वेळा फिरविली जाते. वापरणाऱ्याला क्षणभराचा विलंब जाणवतो. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी तितकेच श्रम करावे लागतात, आणि वर गृहीत धरलेला सेकंदाला १०० कोटींचा वेग त्याला गाठता येत नाही.

या प्रणालीचा आणखी एक गुण फारसा सांगितला जात नाही, परंतु तो कदाचित सर्वांत मोलाचा आहे. संकेतस्थळाचा पत्ता तिजोरीत नोंदविलेल्या पत्त्याशी जुळला तरच ती शब्द भरण्यास पुढे करते. एका अक्षराचा फरक असलेले बनावट संकेतस्थळ डोळ्यांना खरे वाटते, प्रणालीला वाटत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा शब्द एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टंकलिखित करण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा.

२०२२ मधील चोरी आणि तिचे तात्पर्य

ऑनलाइन तिजोरीवर अंधविश्वास ठेवू नये, हे लास्टपासच्या प्रकरणाने दाखवून दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या विकसन विभागात शिरकाव झाला. त्यातून मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने हे जाहीर केले. तिजोरीतील शब्द कूटबद्ध होते, परंतु संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. म्हणजे कोणाचे खाते कोठे आहे, हे चोराला आयते कळले. काही जुन्या खात्यांत वर सांगितलेली गणिती आवर्तने लाखांत नव्हती, ती ५,००० किंवा त्याहूनही कमी राहिली होती. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा होता त्यांच्या तिजोऱ्या त्यामुळे खऱ्या अर्थाने धोक्यात आल्या. ज्यांचा मुख्य शब्द लांब व यादृच्छिक होता, त्यांच्या बाबतीत चोराच्या हाती न उघडणारी पेटी आली.

या प्रकरणातील एक तपशील विशेष बोलका आहे. चोरांनी एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर कळफलकाची नोंद ठेवणारी प्रणाली बसविली आणि त्याचा मुख्य शब्द टंकताना टिपून घेतला. तिजोऱ्या बनविणाऱ्याची तिजोरी अशी उघडली गेली. ज्या यंत्रावर मुख्य शब्द टंकायचा ते यंत्र स्वच्छ असले पाहिजे. संगणक प्रयोगशाळेतील, दिवसभर कोणाचेही पेन ड्राइव्ह लागणारे यंत्र या कामास योग्य नाही. आपला भ्रमणध्वनी त्यापेक्षा बरा.

मुख्य शब्दाची निवड

येथे भाषेच्या अध्यापकांनी विशेष सावध राहावे! आवडत्या अभंगाचा चरण, गाण्याचा मुखडा किंवा सुभाषित रोमन लिपीत लिहून मुख्य शब्द करण्याचा मोह होतो. प्रसिद्ध ओळी अंदाज करणाऱ्यांच्या याद्यांत असण्याची शक्यता मोठी असते. त्याऐवजी शब्दकोश डोळे मिटून पाच-सहा ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द घ्यावा. एकमेकांशी संबंध नसलेले असे पाच-सहा शब्द क्रमाने जोडल्यास लांबी व यादृच्छिकता दोन्ही साधतात. ते विचित्र चित्र मनात उभे केले की आठवडाभरात पाठ होते. आवडला नाही म्हणून शब्द बदलू नये, कारण आवडीने निवडलेला शब्द यादृच्छिक राहत नाही.

मुख्य शब्दासोबत दुसरा टप्पाही लावावा. भ्रमणध्वनीवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी संकेत देणारी प्रणाली ही त्याची सोपी रीत आहे. हा संकेत लघुसंदेशाने येत नसल्याने सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती गेले तरी तेवढ्याने तो मिळत नाही. दुसरा टप्पा लावताना मिळणारे आपत्कालीन संकेत कागदावर छापून घ्यावेत.

कार्यालयाचा सामायिक शब्द

इथपर्यंतचा विचार एकट्या अध्यापकापुरता झाला. महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथील अनेक लॉगिन व्यक्तीचे नसतात, पदाचे असतात. महाडीबीटीवर विद्यार्थ्याचा अर्ज प्रथम लिपिकाच्या आणि नंतर प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे जातो. एकाने तपासावे आणि दुसऱ्याने त्याची खातरजमा करावी, हा त्यामागील हेतू. दोन्ही शब्द एकाच टेबलावर, एकाच वहीत असतील तर कागदोपत्री दोन टप्पे होतात, प्रत्यक्षात एकच माणूस दोनदा ‘मान्य’ म्हणतो. पुढे एखादा अपात्र अर्ज मंजूर झाल्याचे निघाले, किंवा पात्र विद्यार्थ्याचा अर्ज चुकून नाकारला गेला, तर नोंदीत नाव प्राचार्यांचे असते. आणि ज्याने खरोखर कळ दाबली त्याचे नाव कोठेच नसते. ही सोय बहुधा परस्पर विश्वासातून, कामाच्या रेट्यामुळे निर्माण झालेली असते. तरीही ती मोडली पाहिजे. पासवर्ड व्यवस्थापक ती आपोआप मोडीत नाही. उलट, दोन्ही शब्द एकाच तिजोरीत ठेवल्यास ती अधिक सुबक होते.

व्यवस्थापकाच्या संस्थात्मक योजनांत तिजोरीचे कप्पे करता येतात. शिष्यवृत्तीचा कप्पा संबंधित लिपिकास, नॅकचा कप्पा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकास, प्राचार्यांचा कप्पा केवळ प्राचार्यांस दिसावा, अशी रचना शक्य आहे. एखाद्याची बदली वा सेवानिवृत्ती झाल्यास त्याचा प्रवेश काढून घेता येतो. मात्र त्याने पूर्वी पाहिलेला शब्द त्याच्या स्मरणातून काढता येत नसल्याने तो बदलावाच लागतो. मुदतीने बदलण्याची सक्ती निरर्थक असली, तरी माणूस बदलल्यावर शब्द बदलणे अत्यावश्यक आहे. हा फरक ध्यानात घ्यावा.

संस्थात्मक योजनेसाठी खर्चाची तरतूद नसेल तर कीपासची फाइल हा विनामूल्य पर्याय आहे. महाजालाची जोडणी खंडित झाली तरी ती उघडते, ही जमेची बाजू. तिच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे काम मात्र कोणीतरी शिस्तीने केले पाहिजे, आणि अशी शिस्त टिकविणे कार्यालयात अवघड जाते. ब्राउझरमध्ये शब्द जतन करणे स्वतःच्या यंत्रावर ठीक आहे. सामायिक यंत्रावर ते कुलपाला किल्ली लावून ठेवण्यासारखे आहे, कारण त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडे राहते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ ने वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले व बँक खात्यांचे तपशील ज्या लॉगिनमागे आहेत, त्यांचे शब्द भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिलेले असणे या जबाबदारीत बसणार नाही.

एक गोष्ट कोणताही व्यवस्थापक सोडवू शकत नाही. अनेक शासकीय प्रणालींत एकवेळचा संकेत नोंदणीकृत भ्रमणध्वनीवर येतो, आणि तो क्रमांक बहुधा नोंदणी करणाऱ्या व्यक्तीचा खासगी असतो. ती व्यक्ती निवृत्त झाल्यावर तिजोरीतील शब्द अचूक असूनही दार उघडत नाही, आणि सरांना फोन लावून संकेत विचारावा लागतो. त्यासाठी महाविद्यालयाच्या नावे एक सिमकार्ड व एक ई-मेल घेऊन साऱ्या पदांची नोंदणी त्यांवर वळविणे, हे व्यवस्थापक बसविण्याच्याही आधीचे काम आहे.

त्यानंतर तिजोरीचा मुख्य शब्द व आपत्कालीन संकेत एका कागदावर लिहून, पाकीट लाखेने बंद करून, त्यावर प्राचार्य व ग्रंथपाल या दोघांच्या सह्या घेऊन ते परीक्षा विभागाच्या लोखंडी कपाटात ठेवावे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत जडवस्तू, शिक्के आणि रोकडवही यांच्यापुढे या पाकिटाचीही ओळ असावी. नव्या व्यक्तीने ते उघडून, शब्द बदलून, नवे पाकीट तयार केल्याखेरीज त्या ओळीवर सही करू नये.